‘पानसुपारी’ प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२९ जुलै २०२४
गेल्या गुरुवारच्या पावसानं शहराची दाणादाण उडाली. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या घरांत शिरलं. आपल्या संग्रहालयाचं भांडार पहिल्या मजल्यावर आहे म्हणून वाचलं, पण आर्द्रतामापक ७८ वर जाऊन बसलाय. धातूच्या वस्तूंना हे मानवणारं नाही. सिलिका जेल बदललं, डिह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवला.

अशा दिवसांतच आमच्या प्रमुख बाईंनी नवं प्रदर्शन जाहीर केलं. आपल्याकडच्या पानाच्या सगळ्या वस्तू एकत्र मांडायच्या : अडकित्ते, पानाचे डबे, चुनाळी (चुन्याच्या डब्या), चंच्या (पानाच्या कापडी पिशव्या), तस्तं (रुंद तोंडाची भांडी), पिकदाण्या, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या. मोजल्या तर ६४ भरल्या. प्रस्तावात नाव आहे ‘शोभिवंत कला : तांबूलसंस्कृतीचे वैभव’. स्टोअरच्या काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “आमच्या आजीनं अडकित्त्याला शोभिवंत म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, कुठं ठेवलाय मेला.”

तूर्त फाइलवर नुसतं ‘पानसुपारी’ लिहिलंय.

३ ऑगस्ट
अडकित्ते बाहेर काढायला सुरुवात. नायट्राइल हातमोजे, खाली फोम, एका वेळी एकच वस्तू. बहुतेक अडकित्त्यांचं अंग पितळी आणि पातं लोखंडी. दोन धातू एकमेकांना चिकटून असले की दमट हवेत लोखंड आधी मरतं. सातांपैकी पाच पात्यांवर गंज आहे. मग्न झालेलं युगुल, घोडेस्वार, मोर, आणि एक दोन पोपटांचा. पोपटांचे दांडे उघडले की ते दूर जातात, मिटले की चोचीला चोच लागते. काकांनी तो तीनदा उघडून मिटला. मी रागावले, आणि मग मीही एकदा केला.

कारागिराचा सगळा विनोद त्या हालचालीत आहे. जुन्या पेटीत हा अडकित्ता वर्षानुवर्षं मिटलेलाच ठेवलेला होता.

८ ऑगस्ट
नव्या प्रशिक्षणार्थी मुलीनं स्थिती-नोंदी लिहून आणल्या. अक्षर सुरेख, फोटो व्यवस्थित. तांब्याच्या तस्तापुढे शेरा : ‘पृष्ठभागावर सर्वत्र असंख्य पोचे. वस्तू अत्यंत खराब अवस्थेत.’ मठारकाम आहे ते! हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत पत्रा घट्ट करायचा, त्यानं भांड्याला बळ येतं आणि उजेड शंभर ठिकाणी तुटून लखलखतो. तिला हसायला नको होतं, पण आम्ही हसलो. नंतर वाटलं, चूक तिची नाही. घरात स्टीलचीच भांडी पाहिलेल्या माणसाला मठार पोचाच वाटणार. येणाऱ्यांतले निम्मे लोक तिच्यासारखेच असतील. लेबल लिहिताना हे लक्षात ठेवायचं.

उद्या तिला घेऊन कसब्यातल्या तांबट आळीत जाणार.

९ ऑगस्ट
आळीत आता ठोक्यांचा आवाज पूर्वीसारखा गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येत नाही, दोन-तीन घरं पुढं जावं लागतं. पेशवाईत कोकणातून आलेली ही त्वष्टा कासार मंडळी. एका आजोबांनी तिला लाकडी ठोकळ्यावर बसवून हातात हातोडी दिली. दहा ठोक्यांत तिच्या लक्षात आलं की रांग सरळ ठेवणं ही काय चीज आहे. आजोबा म्हणाले, “मनात दुसरा विचार आला की ठोका वाकडा पडतो बाळ, आणि तो कायमचा दिसतो.”

संध्याकाळी तिनं नोंद स्वतःच दुरुस्त केली : ‘संपूर्ण मठारकाम. रांगा एकसारख्या. बुडाजवळ तीन ठोके चुकलेले.’ हे तीन ठोके मला वीस वर्षांत दिसले नव्हते.

१२ ऑगस्ट
डिझायनर पुण्यातलेच, तरुण, कामाचे. त्यांची कल्पना : काळं मखमली अस्तर, अंधार, प्रत्येक वस्तूवर एकच झोत. चित्रात फार देखणं दिसतं.

संवर्धक ताईंनी दोन हरकती घेतल्या. एक, अस्तराच्या आत लोकरी फेल्ट आहे. लोकरीतून गंधकाची वाफ निघते आणि चांदी काळी पडते, आपल्या गुलाबदाण्या तर सगळ्या चांदीच्या. दोन, पेट्यांना वापरायच्या प्लायवूडच्या डिंकातून आम्लं सुटतात. डिझायनर म्हणाले, “इतकं कोण बघतं?” ताई म्हणाल्या, “चांदी बघते.”

मग चाचणी लावली. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी बसवून दिलेली पद्धत : काचेच्या बंद नळीत कापडाचा, प्लायचा तुकडा, थोडं पाणी, आणि चांदी, तांबं व शिसं यांच्या पट्ट्या. ६० अंशांवर २८ दिवस. आपली भट्टी म्हणजे ताईंच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतला ओव्हन. निकाल ९ सप्टेंबरला, म्हणजे ऐन गणपतीत.

२० ऑगस्ट
मुंबईला जाऊन आले. भायखळ्याला राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय म्हणून उघडलं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. जीर्णोद्धारानंतर छताचे रंग आणि लोखंडी खांब पाहून मान दुखेपर्यंत वर बघत राहिले.

तिथल्या शिसवी नक्षीकाम, चांदीकाम, बॉम्बे स्कूलच्या मातीच्या भांड्यांपुढे एक गोष्ट खटकली, आणि तीच घेऊन परत आले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर हिंदुस्थानी कारागिरीचे नमुने गोळा करण्याची, मुद्दाम करवून घेण्याची लाट आली. त्यातल्या कित्येक वस्तू जन्मल्या त्याच काचेमागं ठेवण्यासाठी. त्या तिथं घरच्यासारख्या शोभतात. आपल्या ६४ वस्तूंचं उलट. त्यांच्यावर बोटं फिरलेली आहेत, त्यांच्यात चुना वाळलाय. त्यांना काचेमागं ठेवलं की त्या अवघडून उभ्या राहतात, फोटोसाठी थांबवलेल्या पाहुण्यांसारख्या.

२८ ऑगस्ट
केळकर संग्रहालय. अडकित्ते पाहायचे आणि तिथं न जायचं म्हणजे आळंदीला जाऊन ज्ञानोबाला न भेटणं. दिनकर गंगाधर केळकर, कवितेपुरते ‘अज्ञातवासी’. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी अख्खं संग्रहालय उभं केलं. वाड्यावाड्यांत जाऊन दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते मिळवले आणि शेवटी सगळं सरकारच्या हवाली केलं. संग्रहात ‘मोठी’ कला फार नाही. घरात रोज हाताळलेल्या वस्तूच जास्त. आपल्या प्रदर्शनाची वाट त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घालायला बाईंना सांगितलं.

तिथले अडकित्तेही मिटलेले होते, हे मात्र पाहिलं.

२ सप्टेंबर
पिशवीतून एक चुनाळं निघालं, आत दगडासारखा घट्ट झालेला चुना. स्वच्छ करायला सांगणार होते, ताईंनी हात धरला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा खडू झालेला असतो. तो काढला तर वस्तू चकचकीत होईल, आणि ती कशाची होती हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार जाईल. असंच राहू द्यायचं ठरलं.

मागच्या पिढीतल्या कुणीतरी पितळेचे चार डबे चिंचेनं घासून ठेवलेत. आरशासारखे दिसतात. त्यांच्याकडे बघून काहीच आठवत नाही. हा आपल्याच घरचा दोष, त्यामुळे नोंदीत लिहून ठेवते : यापुढे घासाघीस बंद.

९ सप्टेंबर
निकाल. फेल्टच्या नळीतली चांदीची पट्टी काळी ठिक्कर. प्लायच्या नळीत शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड. ताईंनी काही न बोलता दोन्ही पट्ट्या डिझायनरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनीही वाद घातला नाही. काळं मखमल रद्द. पेट्यांना पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम, आत धुतलेलं सुती कापड.

तसंही काळ्या अस्तराचा एक घोटाळा होताच. बिदरीचा डबा त्यावर ठेवून पाहिला होता, तर डबा गायब, नुसत्या चांदीच्या वेली हवेत तरंगत होत्या. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर चोळून ते काळं करतात, चांदी मात्र पांढरीच राहते. तो काळेपणा हीच त्याची कला. काळ्यावर काळं ठेवून आम्ही नेमकी तीच पुसून टाकत होतो.

नवा रंग काकांनी सुचवला : काताचा. तांबूस तपकिरी. पितळ, चांदी, बिदरी, तिन्ही त्यावर उठतात.

२२ सप्टेंबर
रविवार, जुना बाजार. तीन लोखंडी अडकित्ते घेतले, साधे, बिननक्षीचे. घासाघीस करून तिघांचे साडेचारशे. एकाची खीळ सैल. धार लावणाऱ्याकडे दिले, त्यानं चाकावर ठिणग्या उडवत पाच मिनिटांत परत केले.

यांचा उपयोग असा : काका रोज दोनदा, साडेअकराला आणि साडेचारला, लोकांसमोर सुपारी कातरणार. संग्रहातल्या अडकित्त्याला हात लावायचा नाही, पण तो काय करत होता हे कळलंच पाहिजे. बाईंना सुरक्षेची काळजी, पातं तीक्ष्ण आहे. म्हणून पाहुण्यांच्या हातात द्यायचा नाही, फक्त काका.

२४ सप्टेंबर
ताईंची हरकत, आणि ती रास्त. सुपारी म्हणजे अन्न. दालनात अन्न आलं की मागून कीड, आणि किडीला पुढं चंच्या, म्हणजे कापड. तोडगा : कातरणं दालनात नाही, ओसरीवर. सुपारी आणली की आधी दोन आठवडे उणे २० वर फ्रीजरमध्ये, मगच काकांच्या हाती. काकांनी डोक्याला हात लावला. “सुपारीला थंडी वाजेल.” पण श्रीवर्धनी रोठा सुपारी आणायला स्वतः गेले.

४ ऑक्टोबर
काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आज आमच्या मराठी लेबलांवरून भांडण. आधीचा मसुदा : ‘अडकित्ता. पितळ व लोखंड. एकोणिसावे शतक. पक्षी आकृतिबंध. लांबी १७ सें.मी.’ वाचून कुणाला काय मिळालं? मी लिहिलं : ‘दांडे मिटले की पोपट भेटतात, मध्ये सुपारी तुटते. हा उघडा ठेवला आहे.’ एका सल्लागारांना हे ‘गोष्टीवजा’ वाटलं. त्यांना ‘आकृतिबंध’ हवा होता. बाईंनी दोन्ही ठेवले : वर माझं वाक्य, खाली बारीक अक्षरात मोजमापं. आकृतिबंध गेला.

‘सुपारी फुटली’, ‘विडा उचलला’, ‘पानसुपारीला या’ हे वाक्प्रचार भिंतीवर लिहायचे ठरले. दरबारात विडा आणि अत्तर-गुलाब हाती आलं की बैठक संपली, आता उठा, असा अर्थ. म्हणून ती पेटी बाहेर जायच्या दाराशी. ‘सुपारी देणे’चा अलीकडचा अर्थही घ्यावा का, यावर अर्धा तास गेला. घेतला. हळदीकुंकवाच्या ताटातली सुपारी, गणपती म्हणून पूजलेली सुपारी आणि ती सुपारी, तिन्ही एकाच झाडाची.

९ ऑक्टोबर
प्रायोजक मिळाला होता. पानमसाल्याचा धंदा असलेली एक मंडळी, रक्कम आमच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास निम्मी. अट इतकीच की नाव दारावर मोठं. बाईंनी दोन दिवस घेतले आणि नाही म्हणून कळवलं. सुपारी स्वतःच कर्करोग करते, तंबाखू नसली तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच स्पष्ट केलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आमच्या दारावर तीच पुडी झळकली असती.

पण मग आपण तरी पानाचं वैभव का मांडतोय, असा प्रश्न प्रशिक्षणार्थी मुलीनं विचारला. कुणाला चटकन उत्तर आलं नाही. शेवटी ठरलं की कर्करोगाचा फलक शेवटी, बाहेर पडताना, भीतिदायक फोटोंसह लावायचा नाही. सुपारीच्या पेटीतच, बाकीच्या लेबलांच्या मापात, चार सरळ वाक्यं. आणि कातरलेली सुपारी कुणालाही खायला द्यायची नाही.

पैसे कमी पडल्यामुळे छापील कॅटलॉग रद्द. मला वाईट वाटलं. अजून वाटतंय.

१७ ऑक्टोबर
चंच्यांचा दिवस. एकूण पाच. खणाच्या कापडाची, गुंडाळी करून नाडीनं बांधायची, आत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी यांचे कप्पे. चौथी उघडताना ताईंनी भिंग मागवलं. तिच्या पाचव्या, जादा कप्प्यात कातरलेल्या सुपारीचा डाग नाही, उलट कापड गोल गोल झिजलेलं, एकावर एक रचलेल्या चकत्यांसारखं.

दाखल नोंदवहीत देणाऱ्या घराची एक ओळ सापडली : आजी विधवा झाल्यावर त्यांनी विडा सोडला, चंची मात्र कमरेला शेवटपर्यंत. आत पैसे ठेवत. विधवेनं विडा खायचा नाही, ही रीत सगळ्यांना ऐकून माहीत असते. इथं ती कापडावर उमटलीय. नवऱ्याच्या हयातीत काताचे डाग चार कप्प्यांत, नंतर नाण्यांची झीज पाचव्यात.

लेबल तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी नोंदवहीतली ओळ जशीच्या तशी घेतली, नाव वगळून.

२४ ऑक्टोबर
प्रकाशाचा हिशोब. रंगवलेल्या कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नाही. धातूंना ३०० पर्यंत चालतं, पण एकाच दालनात एकीकडे झगझगाट आणि दुसरीकडे काळोख असला की डोळे फसतात, म्हणून धातूंवरही १५० वर थांबलो. प्रदर्शन ३० नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी. सोमवार वगळून ७८ दिवस, रोज आठ तास. ७८ गुणिले ८ गुणिले ५० म्हणजे ३१,२०० लक्स-तास. उजेडानं गेलेला रंग परत येत नाही, तो खर्चच. त्या एका चंचीला ताई इतका खर्च करू देत नाहीत. अर्ध्यावर, १३ जानेवारीच्या सोमवारी, ती उतरवायची आणि दुसरी लावायची.

६ नोव्हेंबर
दिवाळीनंतर सुतार आले. पेट्यांची उंची १५ सेंटिमीटरनं उतरवली, व्हीलचेअरवरून काहीच दिसत नव्हतं. हे चित्र काढतानाच बघायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर
छपाई अडकली. छापखानेवाले सगळे निवडणुकीच्या पत्रकांत बुडालेत. “ताई, २० तारखेचं मतदान होऊ द्या, मग तुमचंच काम.” आमच्या भिंतीवरचे वाक्प्रचार आणि उमेदवारांचे हसरे चेहरे एकाच मशीनच्या रांगेत.

२६ नोव्हेंबर
फलक आले. ‘तस्त’चं ‘रास्त’ झालंय. एकच फलक पुन्हा.

पोपटांचा अडकित्ता उघडा बसवला. पारदर्शक ॲक्रिलिकच्या टेकूवर, पितळेला टोचणार नाही अशी पिन घालून, दोन चोचींत एक अख्खी सुपारी. सुपारी राळेची ओतीव प्रत आहे, खरी नाही, कारण वर लिहिलेली कीड. काकांनी ती लांबून पाहिली आणि म्हणाले, “जमलीय. पण रोठा नाही ती.”

३० नोव्हेंबर
उघडलं. गर्दी बरी. लोक पहिल्यांदा ओसरीवरच थबकले, कट् असा आवाज आला की मान वळायची. एका शाळकरी मुलानं विचारलं, “आवाज कुठून रेकॉर्ड केलाय?”

११ डिसेंबर
आठवडाभर पाहिलेलं टिपून ठेवते. चांदीच्या गुलाबदाण्यांपुढे लोक फोटो काढून पुढं जातात. सर्वात किमती वस्तू त्या. पोपटांपुढे थांबतात, दोन्ही हात पोकळीत धरून दाबून बघतात. चाळिशीच्या आतल्यांचा अंगठा चुकीच्या जागी जातो. चंचीपुढे आवाज खाली येतो. मठारलेल्या तस्तापुढे प्रशिक्षणार्थी मुलगी उभी असते आणि प्रत्येकाला ते तीन चुकलेले ठोके शोधायला लावते.

एक गृहस्थ तक्रार लिहून गेले की एवढ्या प्रात्यक्षिकानंतर सुपारी दिली नाही, हा पाहुणचार नव्हे. पानसुपारीला बोलावून सुपारी नाही, खरंच आहे त्यांचं. उत्तरात सुपारीच्या पेटीतली चार वाक्यं पाठवली.

२९ डिसेंबर
सुट्ट्यांची गर्दी. आर्द्रता ४८, छान. काकांना सर्दी, म्हणून साडेचारचा खेळ प्रशिक्षणार्थी मुलीनं केला. पहिल्या दोन सुपाऱ्या उडून प्रेक्षकांत. तिसरीची चकती पडली.

१३ जानेवारी २०२५
दालन बंद. चंची उतरवली. ३८ दिवस, १५,२०० लक्स-तास. ताईंनी रंग मोजला, ऑक्टोबरच्या आकड्याशी फरक नाही. आम्लमुक्त कागदाची गुंडाळी आत घालून पेटीत ठेवली. घडी घालायची नाही. तिच्या जागी तिसऱ्या क्रमांकाची लावली, हिरव्या खणाची, कप्प्यांत काताचे डाग भरपूर. लेबल बदललं. भिंतीवरचा बाण मात्र जुन्या चंचीच्या उंचीचा राहिलाय, उद्या दालन उघडायच्या आत खाली घ्यायचा.

बाजारातल्या दुसऱ्या अडकित्त्याची खीळ पुन्हा सैल झाली, तांबट आळीत दिलाय, गुरुवारी मिळेल. रोठा पंधरा दिवस पुरेल इतकाच उरलाय. फ्रीजरचे दोन आठवडे धरले तर नवा आजच आणायला हवा.